खाल्लेली मात्रा

काकांच्या घरात एकच सीडी वाजायची आणि ती कधीही शेवटपर्यंत वाजली नाही. एकोणीस गाणी झाली की काका असतील तिथून उठून यायचे आणि बंद करायचे. एकदा तर आंघोळीतून आले. कमरेला टॉवेल, कानाला साबण, कार्पेटवर ओली पावलं. "अहो काका, एक गाणं राहिलंय ना अजून!" मी बेसमेंटच्या दारातून ओरडले. "ते गाणं नाही," ते म्हणाले आणि तसेच परत वर गेले. मी म्हटलं, मरू दे. मला त्या सीडीचं एवढं काही पडलेलं नव्हतं.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते जिथे यायला हवं होतं तिथे आलेलं आहे. मी मूळची नागपूरची. पार्सिपनीला आले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम होतं. आजही तेच करते. ग्रीन कार्डाच्या रांगेत तेव्हा उभी राहिले ती अजून उभीच आहे, आता पाय दुखायचेही थांबले. तर तेव्हा काकांचं बेसमेंट मी भाड्यानं घेतलं आणि सहा वर्षं त्यांच्या पायाखाली राहिले. काका साठीला आलेले, सडसडीत, अंगात कायम एक तपकिरी स्वेटर, त्याची उजवी बाही कोपरापर्यंत सरकवलेली. मिरजेचे. लग्न केलेलं नाही. आठवडाभर औषधांच्या गोदामात नोकरी आणि रविवारी मराठी पोरांना तबला.

सीडीवर पिवळ्या रंगात एक पाव छापलेला होता. वर लिहिलं होतं 'डबल शिफ्ट', आणि खाली 'व्हेरियस आर्टिस्ट्स'. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, हे काय प्रकरण आहे?

"रिडिम," काका म्हणाले. "रिदम नव्हे. रिडिम. जमैकाचे लोक तसंच म्हणतात. त्यांच्याकडं नाचाचं संगीत असतं, डान्सहॉल. त्यात एकजण नुसती चाल करतो. ठेका आणि चार सूर, बास. मग ज्याला वाटेल तो येतो आणि त्या चालीवर आपलं गाणं गातो. एकजण प्रेमाचं गातो, दुसरा शिव्या घालतो, तिसरी देवाचं नाव घेते. चाल तीच. सगळ्यांची मिळून एक सीडी. आपल्याकडं नाही का, एका चालीत सतरा आरत्या म्हणतात? तसंच की."

"पण मग कंटाळा नाही येत? एकोणीस वेळा तेच?"

"तुला नोकरीवर रोज तेच करून येतो का?"

"येतो."

"मग झालं तर." आणि जरा थांबून, पोटात दुखतंय असं डॉक्टरला सांगावं तसं हळूच म्हणाले, "त्यातला तबला माझा आहे."

मी सीडी उलटीपालटी करून बघितली. गाणाऱ्यांची एकोणीस नावं होती, चाल करणाऱ्याचं होतं, आभार कुणाकुणाचे होते. काकांचं नाव कुठेच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "जाऊ दे."

काकांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. त्यांच्या घराचा जिना तेरा पायऱ्यांचा होता. तेरा पायऱ्या उतरून झाल्या की सपाट जमिनीवर ते आणखी तीन पावलं मोजून टाकायचे, चौदा, पंधरा, आणि सोळावं असं आपटून की खाली माझा चहाचा कप हिंदकळायचा. मी विचारलं, काका, हे काय? तर म्हणे घर बांधणाऱ्यानं तीन मात्रा खाल्ल्यात, भरून नको का काढायला. स्टॉपच्या पाटीपाशी ते गाडी चार मात्रा थांबवायचे, ना कमी ना जास्त. मागच्यानं हॉर्न दिला की आरशात बघून म्हणायचे, "बेताल आहे लेकाचा." बर्फ पडला की फावड्यानं उपसतानासुद्धा ताल. ओला बर्फ असेल तर दादरा, भुसभुशीत असेल तर केरवा. शेजारचा कोरियन म्हातारा आधी हसायचा. मग एका हिवाळ्यात मी खिडकीतून बघते तर तोही केरव्यात उपसत होता.

शुक्रवारी मला घरून काम करायची मुभा होती. सकाळी आमच्या टीमचा कॉल असायचा. चौदा जण ओळीनं सांगायचे, काल काय केलं, आज काय करणार, कुठे काही अडलेलं नाही. कुणाचंच काही अडलेलं नसायचं आणि काम मात्र एक पाऊल पुढे जायचं नाही. काका पायरीवर बसून ऐकायचे. कॉल संपला की म्हणायचे, "हा पण रिडिमच की गं. चाल एक, गाणारे चौदा." मी चिडायचे. पण खोटं काय होतं त्यात? तेव्हापासून कॉल सुरू झाला की मला पिवळा पाव दिसायला लागला.

रविवारचा क्लास माझ्या डोक्यावर चालायचा, शब्दशः. आठनऊ पोरं, खाली कार्पेटवर बसून धा धिं धिं धा. तबला शिकताना मागे एक चाल सतत फिरत राहावी लागते, म्हणजे आपण सोळा मात्रांमध्ये कुठे आहोत ते कळतं. इथे पेटीवाला कुठून आणणार? काका हीच सीडी लावायचे. सलग एक तास एकच चाल, लय तसूभर हलत नाही. आणि दर फेरीला काकांचा एकच गजर, "सोळावी जोरात! सोळावी सोडायची नाही!" सोळाव्या मात्रेला नऊ तबल्यांवर अशी थाप पडायची की माझ्या छताचा दिवा हलायचा. मी म्हणायचे, बाई गं, यांचं आणि त्या सोळाव्या मात्रेचं काय वैर आहे कोण जाणे.

आता ती गाणी म्हणजे काही भक्तिगीतं नव्हती. आयांना काही कळत नव्हतं, पण इथे जन्मलेल्या पोरांना कळत होतं. एका रविवारी एक आई दारातच उभी राहिली, चेहरा लाल.

"काका, त्या गाण्यांमध्ये काय काय शब्द आहेत, कल्पना आहे का तुम्हाला?"

"नाही."

"माझ्या मुलाला सगळे समजतात!"

"मग हुशार आहे तो," काका म्हणाले. "आता मात्रा समजायला हव्यात."

त्या बाईनं मुलाला दुसऱ्याच आठवड्यात स्विमिंगला घातलं. बाकीची पोरं मात्र टिकली, आणि टिकली ती बहुतेक त्या शब्दांसाठीच. मध्येच एखादा खिदळायचा, "काका, डिड यू हिअर? ही जस्ट सेड…" आणि काका हात वर करायचे. "काय म्हणाला ते नको सांगू. कुठल्या मात्रेवर म्हणाला ते सांग." हे त्यांचं ब्रीदवाक्य. पोरं आपसांत त्यांची नक्कल करायची. पुढे पुढे मलासुद्धा तेच. ऑफिसातलं रडगाणं घेऊन वर गेले की काका ताटलीत पोहे वाढत म्हणायचे, "तुझा मॅनेजर काय म्हणाला ते राहू दे. केव्हा म्हणाला? जेवणाआधी ना? मग भुकेनं म्हणाला असेल." आणि निम्म्या वेळा ते खरं निघायचं, हे जास्त चीड आणणारं.

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणांमध्ये काका ओळखले जायचे ते मात्र निराळ्याच गोष्टीसाठी. कुणी नवीन जोडपं आलं की जुने लोक हळू आवाजात सांगायचे, ते बघ, ते तबलेवाले काका. फार मोठ्या माणसाकडे शिकले मिरजेला. इथे आल्यावर पॅटरसनला एका जमैकन माणसाच्या बेकरीत पीठ मळायचं काम करत होते. त्या बेकरीवाल्यानं यांच्याकडून तबला वाजवून घेतला, त्यावर सीडी काढली आणि नावसुद्धा टाकलं नाही. साफ फसवलं. मग कुणीतरी चमचा हलवत म्हणायचं, "त्या लोकांचं असंच असतं." ते लोक म्हणजे कोण, त्यातल्या एकाला तरी तुम्ही ओळखता का, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. उलट मीच दोनचार जणांना ती गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. काका तिथेच बसलेले असायचे. ऐकू यायचं त्यांना. बोटं चाटत म्हणायचे, "जाऊ दे." आम्हाला वाटायचं, केवढं मोठं मन!

मला मात्र ते जाऊ देणं बघवेना. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात त्या वर्षी व्हिसाच्या कागदांनी जीव मेटाकुटीला आलेला. माझ्या स्वतःच्या बाबतीत कुणाला काही बोलायची सोय नव्हती. म्हणून एका दुपारी मी बेकरीचा नंबर शोधला आणि ऑफिसच्या पार्किंगमधून फोन लावला. काकांना विचारलं नाही. पलीकडे एक म्हातारा आवाज आला, मागे भांड्यांचा आवाज. मी सुटलेच. माणसाच्या हातांचा वापर करता, त्याचं नाव लिहायला शाई संपली होती का, लाज कशी वाटत नाही वगैरे वगैरे. माझं इंग्रजी रागात फार चांगलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खोकला आणि इतकंच म्हणाला, "त्याला सांग, ती शेवटपर्यंत वाजव." आणि फोन ठेवला.

मला तो उद्धटपणा वाटला. फसवायचं ते फसवायचं आणि वर म्हणे माझी सीडी पूर्ण ऐका! मी काकांना काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांना न विचारता फोन केला होता ना.

आणि ती मुलगी. ती गोष्ट मी त्या वेळी नुसती कानांनी ऐकली, छताखालून. अकरा-बारा वर्षांची होती, क्लासमधली सगळ्यात तयार. काका तिच्यावर खूश होते हे तिला रागावायचे त्यावरून कळायचं. तिनं ती सीडी घरी नेऊन कॉपी करून घेतली होती. एका रविवारी क्लास सुरू व्हायच्या आधीच तिचा आवाज आला, उत्साहानं फुटत असलेला.

"काका, आय हर्ड द लास्ट वन! द मॅन टॉक्स ऑन इट! ही सेज…"

"काय म्हणाला ते नको सांगू. कुठल्या मात्रेवर म्हणाला ते सांग."

ती थांबली. बोटांवर मोजत असणार. मग म्हणाली, "सिक्स्टीन्थ. पण काका, देअर इज नो बीट देअर. तिथे तबलाच नाहीये. समबडी मिस्ड इट."

मग काकांचा आवाज, मी कधी ऐकला नव्हता असा. "तबला झाक. घरी जा. परत यायचं नाही."

पोरगी रडत गेली. तिच्या आईनं मला फोन करून विचारलं, झालं काय? मला काय माहीत! मी वर जाऊन काकांना फैलावर घेतलं, "अहो, एवढी गुणी पोर, काय केलं तिनं?" ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "तिचा कान चांगला आहे." कान चांगला आहे म्हणून हाकलली! मी कपाळावर हात मारून खाली आले.

पुढे माझं लग्न झालं, आम्ही दहा मिनिटांवर टाउनहाउस घेतलं. रविवारी डबा घेऊन मी काकांकडे जात राहिले. वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही, सगळी त्याच चालीवर. काका निवृत्त झाले, क्लास कमी होत होत बंद पडला. हात थरथरायला लागले. कान तर गेलेच होते. ठेका त्यांना जमिनीतून, टेबलातून कळायचा, शब्द कळायचे नाहीत. टीव्हीवर बोट ठेवून म्हणायचे, हा माणूस केरव्यात बोलतो. सीडी मात्र रोज लावायची आणि एकोणिसाव्या गाण्यानंतर उठून बंद करायची. आता उठायला वेळ लागायचा, म्हणून अठराव्यालाच उठून यंत्रापाशी उभे राहायचे.

मागच्या वर्षी, जानेवारीतला शनिवार होता, दुपारी मी डबा घेऊन पोचले तर दारात एक बाई उभी. पन्नाशीची, जमैकन, डोक्याला जांभळा रुमाल, हातात कागदी पिशवीत गरम पाव. बेकरीवाल्याची मुलगी. वडील दोन महिन्यांपूर्वी गेले, म्हणाली. त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगची नीट मांडणी करतेय, 'डबल शिफ्ट' पुन्हा निघणार आहे, सोबत छोटी पुस्तिका. त्यात वाजवणाऱ्यांची नावं घालायची आहेत. तबल्यापुढे रिकामी जागा आहे. एका फॉर्मवर सही हवी होती.

मी तिला आत घेतलं. फोनवर ज्याला चोर म्हटलं तो मेला होता.

मी काकांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. काकांनी त्या बाईकडे बघितलं, पावाकडे बघितलं. म्हणाले, "नॉट मी. राँग मॅन." आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

मी मागोमाग गेले. "काका, वेड लागलंय का? तुम्हीच सांगितलंत ना मला, तबला तुमचा म्हणून? आता नाव घालायला आलेत तर नको?"

"हळू बोल."

"तुम्हाला ऐकू येत नाही, हळू कसं बोलू!"

ते खुर्चीवर बसले. "त्या दिवशी दोन पाळ्या झाल्या होत्या," ते म्हणाले. "सोळा तास पीठ मळलेलं. मागच्या कोठारात तो रेकॉर्डिंग करायचा, मैद्याच्या पोत्यांमध्ये. म्हणाला, ये, वाजव. चार वेळा चांगलं वाजवलं. पाचव्यांदा सोळाव्या मात्रेला हात उठलाच नाही. डोळा लागला का काय, माहीत नाही. मी म्हटलं, परत घेऊया. तर तो नाचायला लागला! म्हणाला, हेच, हेच पाहिजे. तेवढीच एक फेरी कापून घेतली आणि तीच फिरवली. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक फेरीला मी मात्रा खातो. बाकी गाण्यांत कुणीतरी वरून गातं, झाकलं जातं. शेवटी नुसती चाल आहे. तिथं उघडं पडतं."

मला एकदम सगळं कळलं. तेरा पायऱ्या, सोळावी जोरात, ती पोरगी.

"आमचे गुरुजी," काका म्हणाले, "समेच्या आधी मात्रा खाल्ली की तबला झाकून ठेवायला लावायचे. महिना महिना. एकाला तर परत उघडूच दिला नाही. इथं तर ती छापून निघाली. नाव काय घालू, म्हणून त्यानं विचारलं होतं गं. मी हात जोडले. म्हटलं, नको, मिरजेत कुणी ऐकेल. त्यानं शब्द दिला. त्यानंतर मी बेकरीत तोंड दाखवलं नाही."

"आणि लोक म्हणत होते फसवलं, तेव्हा?"

"जाऊ दे म्हणालो की."

"अहो काका, 'जाऊ दे' म्हणजे फसवलं असाच अर्थ झाला ना! इतकी वर्षं!"

"माहीत आहे," काका म्हणाले. "चूक सांगायची तर वाजवलेली सांगावी लागली असती. त्यापेक्षा हे सोपं पडलं." मग फार दमलेल्या आवाजात म्हणाले, "आधी एक चुकली. मग ती झाकायला सगळंच चुकत गेलं."

मला त्यांचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त. बाहेर आले तर ती बाई कोट घालत होती. "एवढंच करा," ती म्हणाली, "त्यांना शेवटचं वाजवून दाखवा. पप्पा जाताना तेच म्हणाले."

शेवटपर्यंत वाजव. पार्किंगमधला तो फोन माझ्या कानात वाजला. मी सरळ जाऊन सीडी लावली आणि विसाव्यावर नेली. काका लगबगीनं उठले, यंत्राकडे निघाले. मी मध्ये उभी राहिले. "बसा खाली," मी म्हटलं. त्यांच्यावर मी असा आवाज कधी चढवला नव्हता. ते बसले.

चाल सुरू झाली. नुसती. पंधरा थापा स्वच्छ आणि सोळाव्याला भोक. परत पंधरा, परत भोक. काकांनी टेबलावर पंजा ठेवला होता आणि डोळे मिटले होते, मार खाणाऱ्या मुलासारखे. मग मध्येच एक माणूस बोलायला लागला. तोच आवाज, तरुण. त्याची बोली मला पटकन कळेना, त्याची मुलगी शब्दन् शब्द सावकाश इंग्रजीत सांगत गेली.

काकांनी डोळे उघडले. टेबलातून त्यांना काहीतरी वेगळं कळलं असणार.

"काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. तो म्हणतोय, सगळे विचारतात तबला कुणाचा. तो म्हणतो माझं नाव छापू नकोस. छापत नाही, शब्द दिलाय. पण मी बेकरीवाला माणूस आहे. ज्यानं पीठ मळलं त्याचं नाव घेतल्याशिवाय मी पाव विकत नाही. म्हणून तोंडानं घेतो.

आणि मग त्यानं घेतलं. चाल फिरली, पंधरा थापा पडल्या आणि सोळाव्या रिकाम्या जागेत त्यानं काकांचं नाव म्हटलं. उच्चार चुकलेला, पण बरोबर मात्रेवर. पुढच्या फेरीला परत. पुढच्या फेरीला परत. गाणं संपेपर्यंत एकही फेरी सोडली नाही.

"पप्पांना वाटायचं, कधीतरी ऐकेल आणि हसत हसत बेकरीत येईल," ती बाई म्हणाली.

आता माझी पाळी होती. मी तिला सांगितलं, तुमच्या वडिलांना फोन करून वाट्टेल ते बोलली ती मी. ती म्हणाली, "ती तुम्ही? पप्पा घरी येऊन आईला सांगत होते, कुणी एक बाई त्याच्यासाठी भांडत होती. बरं झालं म्हणाले, त्याला कुणीतरी आहे." मला रडूच फुटलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी फॉर्म मागून घेतला. सही केली, अर्धी रेघेच्या बाहेर गेली. मग मला म्हणाले, पुढच्या रविवारी मंडळाचं जेवण आहे, मला घेऊन चल, दोन वाक्यं बोलायची आहेत. आणि त्या मुलीचा पत्ता शोध, तिला क्लासमधून काढायला नको होतं. दोन्ही मी केलं. मंडळात काका उभे राहून बोलले, फसवलं असेल तर मी त्याला फसवलं, तेव्हा पुष्कळांनी आपापल्या ताटात बघितलं. मीही.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी ती बाई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. पाव अजून कोमट होता. मी डोळे पुसत म्हटलं, "काका, बघितलंत का, नेमकं सोळाव्या मात्रेवर…"

"मात्रा राहू दे गं," काका म्हणाले. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि कान पुढे केला. "काय म्हणाला, ते परत सांग."